वेदीकडे पाठ, गर्दीकडे तोंड

कुर्ला म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? गाडी बदलणं! हार्बरवरून मेन लाइनला, नाहीतर मेन लाइनवरून हार्बरला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं मनगट आणि जिन्यावर मागून रेटणारी माणसं. अशा ठिकाणी मुद्दाम उतरून, पश्चिमेला बाहेर पडून काही पाहायचं असतं, हे सहसा कुणाच्या मनातही येत नाही. पण मैत्रिणींनो, एकदा उतराच. स्टेशनबाहेरचा रिक्षांचा आणि फेरीवाल्यांचा गलका मागे टाकला, की एक जुनं गाव लागतं. शहराने चारी बाजूंनी वेढलेलं, पण अजून नावाने 'गावठाण'च असलेलं.

कुर्ली म्हणजे खेकडी. मिठी नदीकाठच्या खाजणात कुर्ल्या मुबलक, म्हणून गावाचं नाव कुर्ला पडलं, असं सांगतात. १५३४ साली हा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. इथलं होली क्रॉस चर्च मूळचं त्यांच्याच काळातलं. १८४८ साली ते नव्याने बांधण्यात आलं. पुढे इंग्रज आले आणि १८०८ साली कुर्ला व आसपासची गावं होर्मसजी बमनजी वाडिया या पारशी गृहस्थांकडे गेली. मग स्वदेशी मिल, मोटारींचा कारखाना, कामगारांच्या चाळी असं एकेक येत गेलं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची प्रवासी गाडी धावली, तीही व्ही. टी. ते कुर्ला अशीच! एवढं सगळं अंगावरून गेलं तरी चर्चच्या आसपास कौलारू घरं, लाकडी जिने, अंगणातले क्रूस यांच्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत.

इथले जुने रहिवासी म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी, पण घरातली भाषा मराठी! हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलं. मुळात ही मंडळी मुंबई, साष्टी, वसईची भूमिपुत्र. लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत विहिरीवर जाणारी, लुगडं नेसणारी, उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, वीस-पंचवीस जिन्नस भाजून-कुटून काळ्या बाटल्यांत ठासून मसाला भरणारी. त्या 'बाटली मसाल्या'चा वास आला, की आपल्या आज्यांच्या कांडपाची आठवण होते.

मी नेहरूनगरची, म्हणजे कुर्ला पूर्वेची. गावठाणातल्या एका आंटींशी माझी ओळख शिवणकामातून झाली. आंटींनी वयाची ऐंशी ओलांडलीय, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. एकदा त्यांच्या शिवणाच्या डब्यात काजांच्या दोऱ्याखाली एक कापडी पट्टी सापडली. दंडावर बांधतात तसली, पिवळट पडलेली. 'ही कसली हो आंटी?' म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, 'ती होय? ती माझी नोकरी. नऊ दिवसांची, बिनपगारी.'

पाहुणे जगभरचे

ते नऊ दिवस म्हणजे २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४. मुंबईत तेव्हा अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. युकॅरिस्ट म्हणजे ख्रिस्तप्रसाद. मिस्सेत जी गव्हाच्या पिठाची, बिनआंबवलेली पातळ, गोल भाकरी देतात ती. तिच्याभोवती जमून प्रार्थना, व्याख्यानं, चर्चा करायला जगभरच्या कॅथलिकांनी दर काही वर्षांनी एका शहरी जमायचं, अशी ही परिषद. आणि गंमत पाहा, ही कल्पना मूळची एका बाईची! एमिली तामिसिए या फ्रेंच बाईंनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून, धर्मगुरूंच्या मागे लागून ती उचलून धरली, तेव्हा कुठे १८८१ साली फ्रान्समधल्या लील शहरी पहिली परिषद भरली. व्यासपीठावर अर्थातच पुरुष बसले.

१९६० साली ही परिषद म्युनिकला झाली आणि नंतरचा मान मुंबईला मिळाला. यजमान होते मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस, भारताचे पहिले कार्डिनल. मुख्य सोहळे ओव्हल मैदानावर, एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर अशा ऐसपैस जागी.

पाहुणे येणार हे ठाऊक होतंच. पण १८ ऑक्टोबर १९६४ रोजी रोमहून बातमी आली, की स्वतः पोप सहावे पॉल मुंबईला येणार! त्यापूर्वी एकही पोप भारतात आलेला नव्हता. आपल्याकडे मुलीला पाहायला चार माणसं येणार असं सकाळी कळलं, तर दुपारपर्यंत घराचं काय होतं ते आपण जाणतो. इथे तर सगळ्या शहराला दीड महिन्याची मुदत!

घरचं सांभाळून

आंटी तेव्हा बाविशीच्या. पदरात आठ महिन्यांचा मुलगा, घरात सासू-सासरे, दोन दीर. पॅरिशमधून स्वयंसेवक हवेत असं कळल्यावर त्यांनी नाव दिलं आणि मग घरी सांगितलं. सासूबाई भडकल्या. 'स्वतःच्या लेकराला टाकून लोकांच्या पाहुण्यांना पाणी पाजणार?' नवरा मधल्यामधे गप्प. 'मी काही बोलले नाही,' आंटी सांगतात, 'आठ दिवस भांडी जरा जोरात घासली.' नवव्या दिवशी सासूबाईंनीच बाळाला उचलून मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, 'जा. पण दुधाच्या वेळा लिहून ठेव.' वाचणाऱ्या भगिनींना हे वाक्य किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको!

मग कामाला जुंपणं झालं. १९६४ साल धान्याच्या टंचाईचं. तांदूळ, गहू, साखर, सगळ्याचीच ओढाताण. अशा दिवसांत गावठाणातल्या घरांनी ओळखीपाळखीच्या पाहुण्यांना जागा देऊ केली. वसई, गोवा, मंगळूरकडचे पाहुणे म्हणजे आपलेच. पथारी टाकली की झालं. परदेशी माणसांचं तसं नाही. आंटींच्या शेजारघरी दोघी पाहुण्या उतरायच्या होत्या. त्यांच्यासाठी गल्लीतल्या बायकांनी मिळून मच्छरदाण्या धुतल्या, हंडे घासले. पाणी खळखळून उकळायचं, मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळायचं, झाकून रात्रभर निववायचं. बाटली मसाल्याचा रस्सा तीनदा करून चाखून पाहिला, कारण हात आखडता घेतला तर चव जाते आणि नाही घेतला तर पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी! शेवटी एका वयस्कर बाईने तोडगा काढला. रस्सा घरच्यासारखाच, पण बरोबर नारळाचं दूध वेगळं. ज्याने त्याने आपल्या बेताने ओतून घ्यावं.

मैदानावर

आंटींच्या तुकडीकडे काम होतं पाण्याचं आणि रांगांचं. पहाटेची गाडी पकडून व्ही. टी., तिथून चालत ओव्हल. २ डिसेंबरला, बुधवारी, एअर इंडियाच्या विमानाने पोप सांताक्रूझला उतरले. स्वागताला पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री आले होते. (कुर्ल्यातून जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडला पुढे त्यांचंच नाव मिळालं.) रस्त्याच्या दुतर्फा जी गर्दी लोटली, तिच्यात ख्रिस्ती किती आणि हिंदू, मुसलमान, पारशी किती, कुणी मोजलं नाही. सगळ्यांनाच हा दौरा रुचला होता असं मात्र नाही. इथे काहींनी विरोध केला, आणि तिकडे पोर्तुगाल सरकारही, गोवा हातचा गेल्याचा सल ताजा असल्याने, पोप भारतात गेले म्हणून रुसलं.

३ डिसेंबरला पोप इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. त्या वेळी त्यांनी आपल्या बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. दुसऱ्या दिवशी वार्ताहरांपुढे त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केलं, की शस्त्रांवर उधळता त्यातला काही पैसा गरिबांसाठी जागतिक निधीत घाला. जाताना, भेट मिळालेली आपली लिंकन मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरला.

'आंटी, तुम्ही पोपना जवळून पाहिलंत?' मी विचारलं.

'कुठलं गं! आम्हाला शिकवलं होतं, वेदीकडे पाठ, गर्दीकडे तोंड. मागे वळायचं नाही. कुणाला भोवळ येते, कुणाचं पोर हरवतं, कुणी रांग मोडतं, ते बघायचं. मागे घंटा वाजली, लाखभर माणसं एकदम गुडघ्यावर आली. मी त्यांचे चेहरे पाहिले. पोप कसे दिसत होते ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.'

मला वाईट वाटलं. ते आंटींनी ओळखलं असावं. म्हणाल्या, 'पहिले दोन दिवस मलाही वाटलं. मग तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, कुठल्या देशाची देव जाणे. भाषा कळेना. माझा हात धरून बसली आणि पाणी प्यायली. जाताना तिने माझ्या कपाळावर क्रूस काढला. म्हटलं, चला, माझी मिस्सा झाली.'

५ डिसेंबरला पोप परतले. परिषद मात्र ६ तारखेला संपली. मोठा पाहुणा गेल्यावर मांडव ओस पडतो, तशी गर्दी थोडी विरळ झाली. पण सतरंज्या झटकणं, पेले मोजणं, हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी करणं, हे सगळं तेव्हाच तर असतं! आंटी रात्री उशिरा घरी पोचल्या, तेव्हा बाळ सासूबाईंच्या कुशीत झोपलं होतं आणि दुधाच्या वेळांच्या कागदावर प्रत्येक वेळेपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती.

'त्यानंतर पॅरिशमध्ये कुणाचं लग्न असो, मयत असो, कोठीची किल्ली माझ्याकडे आली,' आंटी म्हणाल्या. 'सासूबाईच सांगायच्या, आमच्या सुनेला विचारा, तिने ओव्हल सांभाळलंय.' फोटोंत, बातम्यांत या बायका कुठे दिसत नाहीत. कार्डिनलांची नावं नोंदली जातात. पाणी उकळणाऱ्या हातांची नोंद अशा एखाद्या शिवणाच्या डब्यातच राहते. आता गावठाणातली जुनी घरं एकेक करून पडताहेत. घरातलं सामान नव्या इमारतीत जातं, पण असले डबे कुणी उघडून पाहतं का?

आपल्या घरच्या कार्यासाठी

आंटींकडून मी चार गोष्टी लिहून घेतल्या. लग्न-मुंजीला, गणपतीला, सोसायटीच्या पूजेला त्या तितक्याच उपयोगी आहेत.

पहिली : पाण्याचं काम सगळ्यांत विश्वासू माणसाकडे द्यावं. जेवायला उशीर झाला तर लोक थांबतात, पाण्याला थांबत नाहीत.

दुसरी : प्रत्येकाला एकच काम सांगावं आणि त्याच्या जागी कोण येणार तेही सांगावं. बदली ठाऊक असली, की माणूस मन लावून उभं राहतं.

तिसरी : राबणाऱ्यांची पहिली पंगत आधी उरकून घ्यावी. उपाशी पोटी वाढणाऱ्याच्या तोंडून गोड शब्द निघत नाहीत.

चौथी : घरी राहून मूल सांभाळणाऱ्या बाईचं नावही स्वयंसेवकांच्या यादीत लिहावं. हे आंटींनी मला दोनदा सांगितलं.

जायचं कसं?

कुर्ला स्टेशनवर पश्चिमेला बाहेर पडा आणि होली क्रॉस चर्च विचारा. रिक्षावाले बरोबर सोडतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर जावं. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावं. कुणी हटकत नाही. बाहेर पडल्यावर गावठाणाच्या गल्ल्यांतून पायी फिरा. एखाद्या ओट्यावर म्हातारी बाई बसलेली दिसली, तर नमस्कार करून दोन शब्द बोला. मराठीतच बोला; उत्तर मराठीतच मिळेल. आणि वेळ असेल तर नुसतं एवढंच विचारा, की १९६४ साली तुम्ही कुठे होतात?