दोन तोंडं, चार सिलिंडर

जुन्या स्पोर्ट्‌स कारला बाहेरून आणलेला इनटेक मॅनिफोल्ड बसवायचा तर आधी ते इंजिन नेमकं कुठे अडतं, हे कळलं पाहिजे. कॅटलॉग पाहिला की पहिल्यांदा चकचकीत अॅल्युमिनियम डोळ्यांत भरतं, मग 'पॉवर वाढते' हे शब्द. अडचण कुठे आहे हे मात्र हेड उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण माझ्या मित्राची एमजीए. पापडीजवळच्या त्याच्या वाडीत, शेडमध्ये ती उभी असते. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाहून थोड्या जास्त एमजीए तयार झाल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे अगदी मोजक्या आल्या. हल्ली महामार्गावर एमजीचा बिल्ला सारखा दिसतो, पण त्या गाड्या गुजरातेतल्या हालोलच्या. ही एमजी वेगळी. हिची बांधणी लाकडी फळ्यांच्या तळाची, दार उघडायला बाहेरून मूठ नसलेली, आणि बॉनेटखाली १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन.

हेच इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसेडरमध्येही होतं. ज्या इंजिनावर तरुण इंग्रज शनिवार-रविवारी शर्यती लावायचे, त्याच घराण्यातल्या इंजिनावर आपले कलेक्टर दौरे काढायचे आणि लग्नाची वऱ्हाडं जायची. परदेशी गाडीचे पार्ट मिळणं मुश्कील होतं त्या काळात या नात्याने कितीतरी गाड्या चालत्या ठेवल्या असतील. मित्राच्या गाडीतही तेच झालं होतं. मूळचा जोड कार्ब्युरेटरचा मॅनिफोल्ड कधीतरी गेला, आणि कुण्या मिस्त्रीने त्या जागी अँबॅसेडरचा एका कार्ब्युरेटरवाला मॅनिफोल्ड बसवून दिला. स्टड जुळले, गॅस्केट जुळलं, गाडी चालू झाली. त्या मिस्त्रीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्याकडे जे होतं त्यात त्याने गाडी भंगारात जाऊ दिली नाही.

आता मित्राला गाडी नीट करायची होती, आणि प्रश्न आला की बसवायचं काय?

या हेडला आत घेण्याची तोंडं दोनच. सिलिंडर चार. एक आणि दोन नंबरचे सिलिंडर एका तोंडातून हवा घेतात, तीन आणि चार दुसऱ्या तोंडातून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे दोन नंबरने हवा ओढून संपते न संपते तोच त्याच तोंडातून एक नंबर ओढायला लागतो. मग बराच वेळ त्या वाटेवर सामसूम. तीन आणि चारचंही तसंच. शेजाऱ्याचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत दुसऱ्याचा उघडतो, त्यामुळे दोघांच्या वाट्याला सारखं मिश्रण येत नाही. बाहेर कितीही देखणी, रुंद, गुळगुळीत नळी लावा, हेडच्या आत ती वाट पुन्हा फुटणारच. माझं अर्धं आयुष्य वालीवच्या एका टूलरूममध्ये मिलिंग मशीनसमोर गेलं, तेव्हा हे मी बोटाने चाचपून सांगतो. त्या तोंडात बोट घातलं की आत मध्यावर एक धारेसारखी भिंत लागते, तिथे दोन वाटा फुटतात. खरी मर्यादा तिथे आहे. ती मॅनिफोल्ड बदलून जात नाही.

मित्राचा जीव अडकला होता वेबरच्या आडव्या डीसीओई कार्ब्युरेटरवर. इटलीतल्या बोलोन्याचं हे नाव, जुन्या शर्यतींच्या फोटोंत सगळीकडे दिसणारं. जुहूच्या धावपट्टीवर, मद्रासजवळच्या शोलावरमला गाड्या पळायच्या त्या काळच्या गप्पा ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे त्याचं मन मला कळत होतं. वेबरसाठी हंसाच्या मानेसारखा वळलेला लांब मॅनिफोल्ड मिळतो. त्याच्या दोन नळ्या कार्ब्युरेटरपाशी जवळजवळ असतात आणि हेडकडे जाताना फाकतात. लांब घेतला तर हवेला वळण सोपं जातं, पण बॉनेटखाली जागा लागते. आखूड घेतला तर जागा वाचते आणि वळण आवळतं. शिवाय हा कार्ब्युरेटर घट्ट आवळून चालत नाही. इंजिनाच्या थरथरीने फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलला फेस येतो, म्हणून मध्ये रबरी रिंगची पट्टी आणि खाली स्प्रिंगचे वॉशर देऊन त्याला थोडा हलता ठेवावा लागतो.

पण माझा मुख्य मुद्दा वेगाचा होता. वेबरला आतला चोक ठरलेल्या मापाचा. मोठा चोक वरच्या आरपीएमला भरभरून देतो आणि खाली अडखळतो. या गाडीची ताकद टोकाला पोचते साधारण ५५०० आरपीएमला. मित्र गाडी काढतो ती रविवारी सकाळी, गिरीज-निर्मळवरून अर्नाळ्याकडे. टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला हे इंजिन जेमतेम २२०० आरपीएम फिरतं. त्या रस्त्यावर सायकली असतात, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका असतात, चर्चमधून परतणारी माणसं असतात. तिथे ५५०० कुणासाठी आणि कशासाठी? याउलट मूळच्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये पिस्टन इंजिनाच्या ओढीनुसार वरखाली होतो, हवेची वाट स्वतःच लहानमोठी करतो, आणि त्याला लागलेली निमुळती नीडल तेवढंच पेट्रोल सोडते. दोन तोंडांना दोन एसयू, मध्ये दोघांना जोडणारी बॅलन्स नळी. हेडची मर्यादा ओळखून केलेली ही रचना मला आजही फार शहाणपणाची वाटते.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. मात्र ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नुसत्या मॅनिफोल्डला कुणी मोठा फेरफार म्हणेल असं नाही. तरी मूळ घडणीच्या जवळ राहणं बरं.

म्हणून आम्ही जोड एसयूसाठी नव्याने ओतलेला, मूळ नमुन्याचा मॅनिफोल्ड मागवला. इथेच गोखिवऱ्याच्या एखाद्या फाउंड्रीत ओतून घ्यावा असंही मनात आलं होतं. पॅटर्न करणारे, रेतीचा साचा भरणारे हात इथे आहेत. पण आतल्या पोकळीचा कोअर जरा सरकला तर एका बाजूची भिंत पातळ होते, आणि अॅल्युमिनियममध्ये बारीक भोकं राहिली तर तिथून हवा ओढली जाते. एका नगासाठी तो खटाटोप परवडणारा नव्हता.

आलेला मॅनिफोल्ड तसाच्या तसा बसला नाही. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर. काही स्टडवर एकेक जाड वॉशर असतो, तो दोन्हींच्या फ्लँजवर टेकून दोघांना एकदम दाबतो. नव्या इनटेकची फ्लँज जुन्या एक्झॉस्टपेक्षा जाड निघाली. अशा वेळी नट कितीही आवळा, वॉशर तिरका बसतो, एक्झॉस्ट ढिला राहतो आणि फुसफुसतो. मी फ्लँजची वॉशर टेकण्याची जागा मिलिंगवर घेऊन दोन्हींची उंची एक केली, मग सरफेस प्लेटवर निळा रंग लावून गॅस्केटची बाजू तपासली. रंग सगळीकडे सारखा उठेपर्यंत हात थांबवला नाही. या कामात घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. आयडलिंग हलतं म्हणून ते महिनोन्‌महिने कार्ब्युरेटरला दोष देत बसतात, आणि हवा मात्र या फटीतून शिरत असते.

दुसरी काळजी उष्णतेची. एसयूच्या थेट खाली एक्झॉस्ट तापत असतो. वसई फाट्यावर किंवा वर्सोवा पुलाच्या अलीकडे मे महिन्यात ट्रकांच्या रांगेत अडकलात की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि गाडी बंद पडते. म्हणून कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकलाइटचे जाड पॅकिंग दिले आणि खाली पत्र्याची ढाल बसवली.

राहिलं पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या नीडलवर इंजिन उपाशी चालतं, प्लग पांढरट पडतात, व्हॉल्व्ह जादा तापतात. रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आहेत. नीडल मात्र एक पायरी जाड मिश्रणाच्या निवडून, अर्नाळ्यापर्यंत गाडी पळवून, प्लग काढून रंग बघायचा आहे. दोन्ही कार्ब्युरेटरचे, आणि एक-दोनचे वेगळे, तीन-चारचे वेगळे.