राखणदार

आमच्या बीदरकडच्या हुलसूरला डोंगर नाही. काळं रान, तूर, ज्वारी आणि पावसाळ्यात पाय उचलू न देणारा चिखल. कुणाला लपायचं झालं तर उभ्या तुरीशिवाय आडोसा नाही. तरी डोंगरातल्या बंडखोरांच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो, आणि त्याही दोन भाषांतून. आजी उमाजी नाईक मराठीत सांगायची आणि संगोळी रायण्णा कन्नडात. एकातून दुसऱ्यात शिरताना ती अडखळत नसे. त्यामुळे हे दोघे सख्खे भाऊ असावेत, असंच मला वाटे.

पुढे तारखा वाचल्या तेव्हा अंगावर काटा आला. रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी झाली, तर उमाजीला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात. मधे एक वर्ष आणि आठ दिवस. दोघांनी एकमेकांचं नाव तरी ऐकलं होतं का, कोण जाणे. पण दोघांना पकडून देणारी माणसं त्यांच्याच ओळखीतली होती.

मला याहून जवळचं वाटतं ते त्यांचं मूळ काम. उमाजी पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचा, जन्म १७९१ चा. त्याच्या रामोशी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरंदर किल्ल्याची राखण होती. रायण्णा कित्तूरच्या राज्यातला शेतसनदी, म्हणजे गावची चाकरी करायची आणि तिच्याबद्दल मिळालेली जमीन कसून खायची. इंग्रज आले, राज्यं बदलली, किल्ल्यांना नवे धनी आले, जमिनींवर सारा बसला. रात्रभर जागून दुसऱ्याचं घर राखणाऱ्याला एके दिवशी सांगण्यात आलं की तुझी आता गरज नाही. हातात काठी, अंगात जाग आणि डोंगराची प्रत्येक वाट पायाखालची. असा माणूस घरी कसा बसेल? काल ज्या वाटेवर तो पहारा देत होता, त्याच वाटेवर आज तो सरकारी खजिना अडवू लागला. सरकारदरबारी त्याचं नाव दरोडेखोर पडलं.

रायण्णाने बिडी गावची सरकारी कचेरी जाळली. कागद जळाले की सारा जळतो, हे कुळांना कुणी शिकवावं लागलं नाही. उमाजीने तर जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका, असं लोकांना बजावलं. सदाशिव आठवल्यांनी त्याच्यावरच्या पुस्तकाला 'उमाजी राजे मुक्काम डोंगर' असं नाव दिलं, ते मला फार आवडतं. ज्याचं वतन गेलं त्याने स्वतःचा पत्ता डोंगर असा द्यावा, यात केवढी ऐट आहे! सरकारनेही एकदा माफी देऊन त्याला चाकरीत घेऊन पाहिलं, पण ते टिकलं नाही. त्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच पुढे रामोश्यांवर पुस्तक लिहिलं. १८३३ साली ते मुंबईत छापलं गेलं. शत्रूलाही ज्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं, तो साधा लुटारू नव्हता.

लुटीत गरीबगुरीब भरडले गेलेच नसतील, असं मी म्हणणार नाही. गोष्ट ते गाळते, आजीही गाळायची. पण लोकांनी काय ठेवलं, तेही पाहायला हवं. उमाजीचं प्रेत दहशतीसाठी तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवलं होतं, असं सांगतात. नंदगडला रायण्णाच्या समाधीवर वड आहे. मी तो पाहिला आहे. पारंब्यांना आणि फांद्यांना लाकडाचे छोटे छोटे पाळणे बांधलेले, काही नवेकोरे, काही पावसाने काळे पडलेले. मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलतात आणि पाळणा बांधून जातात. सरकारने ज्याची राखण काढून घेतली, त्याच्याकडे या बायकांनी आपल्या पोटची पोरं राखायला दिली. जेजुरीचा खंडोबा आमच्या बीदरकडे मैलार मल्लण्णा होतो, भंडारा तोच उधळला जातो. राखणदार दैवतासारखा राखणदार माणूसही या मुलखात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जातो.

ही गोष्ट एकदा आमच्या बाजूलाही आली. वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन उठले आणि शेवटी पळत पळत भीमेकाठच्या देवरनावदगीपर्यंत आले. २० जुलै १८७९ रोजी तापाने फणफणलेले ते देवळात निजले असताना पकडले गेले. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात आहे आणि ते असायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर घरदार सोडून निघालेल्या रामोश्यांपैकी दौलतराव नाईक सोडला तर कुणाचं नाव आपल्याला येतं? ती माणसंही कुठल्या तरी गावची रात्र राखत होती. उमाजीच्या फाशीला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती; त्यांच्यातल्या कित्येकांनी ती गोष्ट आपल्या आजीकडून ऐकली असणार, आणि ऐकूनही ते निघाले.