दापोडीच्या गल्लीतला धम्म

देहूरोडला सहल नेली की आम्ही मुलांकडून एक तारीख हमखास पाठ करून घेतो : २५ डिसेंबर १९५४. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतलेल्या परमपूज्य बाबासाहेबांनी त्या दिवशी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. हे सांगताना आमचा ऊर भरून येतो; परंतु मूर्ती बसल्यानंतर विहाराबाहेरच्या वस्तीत काय घडले, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारीत नाही.

त्याचे एक उत्तर दापोडीत आहे. १९७७ साली, धम्मदीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनदिनी, लोकमित्र हा इंग्रज तरुण नागपुरात आला. खरे तर तो पुण्याला योग शिकायला निघाला होता. तो जनसागर पाहून पुढच्याच वर्षी तो पुण्यात राहायला आला. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन झाला आणि त्यातूनच ‘बहुजन हिताय’चे काम दापोडीच्या झोपडपट्टीत उभे राहिले : दवाखाना, बालवाडी, शिवणवर्ग, पुढे वसतिगृहे. त्यासाठी करुणा ट्रस्टचे स्वयंसेवक इंग्लंडात दारोदार फिरून निधी जमवीत.

आम्ही तेव्हा महाविद्यालयात, नामांतराच्या मोर्चांत. ‘बाबासाहेब संघर्ष करा म्हणाले, हे डोळे मिटून बसा म्हणतात’ हे वाक्य आम्ही टाळ्यांसाठी अनेकदा वापरले आहे. परकीय पैशाविषयीचा संशयही उघड बोलत असू, आणि तो आजही आम्हांस सर्वस्वी निराधार वाटत नाही. दुसऱ्याच्या दारी मागितलेल्या पैशावर समाज किती काळ उभा राहणार?

मग एके दुपारी आमच्याच नात्यातल्या एका मावशींना आम्ही त्या कामात पाहिले. चौथी शिकलेल्या. वस्तीतल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले होते, त्यांतल्या त्या एक. गल्लीत काट्याला झोळी अडकवून तान्ह्या मुलांची वजने घेत होत्या. मराठा, मातंग, मुसलमान, बौद्ध, सगळ्यांची रांग एकच. एका आईने मूल देताना क्षणभर हात आखडला. मावशींनी ते पाहिले. काही न बोलता मूल घेतले, वजन सांगितले, कार्डावर ठिपका मांडला. पुढच्या महिन्यात तीच आई रांगेत पहिली होती. आमच्या भाषणांनी असा एखादा हात सैल झाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आज आमच्या वर्गांत चाकणच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्यांची मुले आहेत. बाप खोली शोधायला जातो तेव्हा भाड्याआधी आडनाव विचारले जाते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने विचारले, “सर, आडनाव बदललं तर चालेल का?” आम्ही ‘नको’ म्हणालो खरे, पण कारण सांगताना अडखळलो. पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांबरोबर आम्हीच दारोदार फिरलो. पाच ठिकाणी ‘खोली आत्ताच गेली’ असे ऐकले. सहाव्या दारी आडनाव सांगूनच खोली मिळाली. डिपॉझिट मात्र एक महिन्याचे जास्त द्यावे लागले.