पाहुणे मंगोलियाचे

नाशिकहून सहा महिन्यांसाठी लंडनजवळ लेकाकडे आलेल्या आजींचा पलंग नातवाच्या खोलीत लावला होता. उशाशीच मोठी काचेची पेटी. आत डोकावल्या आणि आजींनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, उंदीर! आणि तेही विकत आणलेले?"

"उंदीर नाहीत आजी, जर्बिल आहेत!" नऊ वर्षांचा नातू फुरंगटून म्हणाला.

आजींचं फारसं चुकलं नव्हतं म्हणा. जर्बिल हे उंदराच्याच गोतावळ्यातले. मूळचे मंगोलिया नि उत्तर चीनच्या कोरड्या माळांवरचे. १९५४ साली जपानहून ते अमेरिकेत गेले ते प्रयोगशाळांसाठी. मुलांच्या खोल्यांत शिरले ते नंतर. कॅलिफोर्नियात मात्र ते पाळायला बंदी आहे. सुटले तर तिथल्या कोरड्या हवेत रानोमाळ होतील, ही भीती.

पहिल्यांदाच प्राणी पाळणाऱ्यांचं होतं तसंच या घरात झालं होतं. आधी तारेचा पिंजरा आणला. जर्बिल हाडाचे खोदकाम करणारे. सगळा भुसा त्यांनी सतरंजीवर उडवला. मग काचेची पेटी आली, वर जाळीचं झाकण, आत वीतभर उंच कागदी भुसा नि गवत. त्यात दोघा भावांनी बोगदे काढले. जोडी हवीच, एकटा जर्बिल झुरतो. पण दोघे एकाच लिंगाचे हवेत. नाहीतर पंचवीसेक दिवसांत बारसं! अनोळखी दोघांना एकदम एकत्र सोडलं, तर ते जिवावर उठतात.

त्यांचं खाणं साधं, दाणे नि थोडी भाजी. सूर्यफुलाच्या बिया मात्र लाडापुरत्याच. पाणी थोडं पितात, त्यामुळे पेटीला वास कमी. हे आजींनी चार दिवसांनी स्वतःहून कबूल केलं. झोप तेवढी मोडायची. हे प्राणी दिवसरात्र थोडं झोपतात, थोडं खोदतात.

एका रात्री मात्र खोदण्याचा आवाज नव्हता. थाप, थाप, थाप. मागचे पाय आपटून जर्बिल धोक्याचा इशारा देतात, हे नातवानेच शिकवलं होतं. आजींनी दिवा लावला. नातू पेटीपाशी मुसमुसत बसलेला.

पळणाऱ्या एकाला त्याने शेपटीला धरलं होतं. शेपटीचं टोक धरलं की जर्बिलची कातडी मोज्यासारखी निसटून येते. शत्रूच्या तावडीतून सुटायची ती निसर्गाची सोय. पण कातडी पुन्हा येत नाही.

"आईला सांगू नको," तो म्हणाला.

आजींनी सांगितलं नाही. सकाळी त्याच्यासोबत स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यालाच सांगायला लावलं. सून रागावली, तेही योग्यच. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उघडा भाग सुकून गळून पडेल. सुजलं किंवा पू झाला तर कापावा लागेल. पेटी स्वच्छ ठेवा. उचलायचं तर दोन्ही हातांची ओंजळ करून, खाली बसूनच.

तुकडा गळून पडला, जखम भरली. जर्बिलचं आयुष्य तीन-चार वर्षांचं. आजी परत निघाल्या तेव्हा आखूड शेपटीवाला नातवाच्या ओंजळीत बसून भोपळ्याची बी सोलत होता. विमानतळावर आजींनी सुनेला दोनदा विचारलं, "पेटीचं झाकण लावलंय ना गं?"