खांदेरीचा दिवा

सोलापूरच्या माणसाला उंच उभी गोष्ट म्हटली की आधी चिमणी आठवते. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, मागोमाग इतर गिरण्या आल्या आणि गावाचा दिवस भोंग्यावर उगवू लागला. पुढं गिरण्या गेल्या. परवापरवा, 2023 च्या जूनमध्ये, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा होते म्हणून पाडली. कुणाला हायसं वाटलं, कुणी हळहळलं. त्या वादात मी शिरत नाही. पण उंच बांधकाम म्हणजे वाटेतली धोंड, हे डोळ्यांदेखत पाहिल्यावर मुद्दाम वाट दाखवायलाच बांधलेला मनोरा समोर आला, की आमच्यासारखी सपाटीवरची माणसं जरा जास्तच रेंगाळतात.

समुद्राशी आमचं नातं तसं लांबचंच. आमची भीमा उगवते सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरला. तिथून कोकण पायाखाली दिसतं. एवढ्या जवळच्या समुद्राकडे ती पाठ फिरवते आणि पंढरपुरावरून पुढं कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला जाते. त्यामुळं अरबी समुद्र पाहायला आम्ही अलिबागला जातो, ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जातो, फोटो काढतो आणि परततो. थोडं उत्तरेला थळ आहे. थळसमोर दोन बेटं, अलीकडचं उंदेरी आणि पलीकडचं खांदेरी. तिकडं फारसं कुणी वळत नाही.

1679 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याला माणसं देऊन खांदेरीवर उतरवलं आणि तट बांधायला घेतला. जागा अशी की मुंबई बंदरात शिरणाऱ्याला हिच्या नजरेतूनच जावं लागावं. इंग्रज चवताळले. त्यांनी बेटाला गलबतांचा वेढा दिला, दोनदा झुंज झाली. पण मराठ्यांच्या छोट्या, उथळ बुडाच्या होड्या रातोरात दगड-चुना, दाणागोटा घेऊन निसटत, आणि वाऱ्यावर विसंबलेली मोठी जहाजं बघत राहत. अखेर इंग्रज मागं हटले. मग जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि ही दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, 1718 साली, इंग्रज पुन्हा चालून आले आणि पुन्हा हात हलवत गेले. जे लढून मिळालं नाही, ते पेशवाई बुडाल्यावर त्यांच्या पदरात पडलं.

तिथंच 1867 साली त्यांनी दीपगृह बांधलं. अमेरिकेतल्या यादवीमुळं कापसाला आलेली तेजी नुकतीच ओसरली होती, मुंबईचं बंदर मात्र फुगलेलंच होतं, आणि दोन वर्षांत सुएझचा कालवा खुला व्हायचा होता. 1860 सालीच आगगाडी सोलापूरपर्यंत पोचली होती आणि आमच्या बाजारातला कापूस मुंबईची वाट धरत होता. बोरीबंदरला उतरलेल्या त्या गाठी पुढं ज्या बोटींत चढल्या, त्यांना अंधारात खडक चुकवायला दिवा लागतच होता. खांदेरीच्या उजेडात सोलापूरचंही थोडं देणंघेणं आहे ते असं.

थळच्या होडीतून जाताना आधी मनोराच दिसतो, तट नंतर. जवळ गेल्यावर कळतं की हा दगडी, अष्टकोनी मनोरा रखवालदारांच्या घराच्या डोक्यावरच उभा केलाय. उंची सुमारे 25 मीटर, पण टेकाडावर असल्यानं दिवा समुद्रापासून बराच वर जातो. दिव्यापेक्षा मी भिंगाच्या गोष्टीत रमतो. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दोनशे वर्षांपूर्वी ओळखलं, की जाड भिंगाची गरज नाही. काचेची कडी पायऱ्यापायऱ्यांनी रचली, तर इकडंतिकडं सांडणारा उजेड गोळा होऊन एका दिशेनं जातो. जगातल्या बहुतेक दीपगृहांनी ही युक्ती उचलली. प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी ठेवतात. खलाशी सेकंद मोजतो आणि समोर कुठला दिवा आहे ते ओळखतो.

खाली किल्ल्यात गाड्यावरच्या तोफा आहेत. चाकांसकट गाडे टिकलेत असं किल्ल्यांवर क्वचित बघायला मिळतं. बाकी ठिकाणी तोफा मातीत लोळत असतात. लोखंडावर हात फिरवला की खारानं आलेले पापुद्रे बोटांना लागतात. वेताळाचं ठाणं आहे, पांढरा रंग दिलेला मोठा धोंडा; कोळी त्याला मानतात. आणि एक दगड असा, की त्यावर गोटा मारला तर भांड्यावर मारल्यासारखा ठण्ण आवाज येतो. पोरंच काय, मोठी माणसंही थांबत नाहीत. त्यानं दगडावर खळगे पडलेत, हेही सांगायला हवं.

बेटाला 1998 साली कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं, नौदलाच्या पाणबुडीला खांदेरीचं नाव मिळालं, आणि जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरीही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मला काळजी वाटते ती इथं. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, दिवा केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाकडे. तट आपला आणि मनोरा परक्याचा, असा हिशेब एकदा मनात शिरला, की मनोऱ्याकडे बघणारं कुणी उरत नाही. 2021 च्या सागरी नौवहन साहाय्य कायद्यात वारसा दीपगृहांची सोय केली आहे, ती खांदेरीसाठी वापरावी असं माझं म्हणणं आहे. जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली म्हणून दिवा निकामी होत नाही; यंत्र बंद पडतं तेव्हा डोळ्यांनाच काम करावं लागतं. शिवाय ज्या जागेवरून आपण जहाजं अडवत होतो, तिथूनच दीडशे वर्षं जहाजांना वाट दाखवली जाते आहे. महाराजांची जागेची पारख किती अचूक होती, याला याहून बोलका पुरावा कुठला? दोन्ही बांधकामं एकत्र पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अलिबागला गेलात तर कुलाब्यावरून परतू नका. पावसाळा टाळा, परवानगी लागते का ते थळला आधी विचारून घ्या, प्लास्टिकची बाटली परत आणा, आणि वाजणाऱ्या दगडाला जरा विश्रांती द्या.