हजेरी

माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरीच्या वेळी ‘हजर’ हा शब्द त्याच्या घशातच अडे. वर्ग हसे, आणि त्याची सुटका व्हावी म्हणून मी तो शब्द स्वतःच उच्चारून पुढे जाई. प्रार्थना मात्र तो सर्वांबरोबर अस्खलित म्हणे!

पुढे माझी नात तिसऱ्या वर्षी तशीच अडखळू लागली. दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले अडखळतात, व बहुतेकांची वाणी आपोआप मोकळी होते. पण सहा महिने उलटले, बोलताना ती डोळे घट्ट मिटू लागली. तेव्हा आम्ही तिला वाचोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिला धडा आम्हांसच दिला : सावकाश बोला, तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका.

आता ‘आजोबा’ म्हणावयास ती हवा तेवढा वेळ घेते, मी थांबतो. त्या मुलाचा ‘हजर’ मात्र मी कधीच पुरता ऐकला नाही.