ओल आणि आमचे निदान

घरातील बुरशी हे कोकणातील मंडळींचे दुखणे, अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. आमचे पांढरकवडे म्हणजे कडक उन्हाचे गाव. मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस कसेबसे काढले की पुढे भिंती वाळतातच. म्हणून आश्लेषा-मघांत माजघरातील फडताळामागे काळसर डाग दिसले, तरी ‘दसऱ्यास चुना लागेलच’ असे म्हणून आम्ही ते सोडून देत असू.

गेल्या श्रावणात वडिलांच्या हातची पोथी काढावी म्हणून बासन सोडले, तो कुबट वास आला. पाने एकमेकांस चिकटली होती व कडांवर पांढरा बुरा चढला होता. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून हिला राखा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या अखेरीस लिहून ठेवीत, हे आम्ही विद्यार्थ्यांस किती कौतुकाने सांगितले असेल! आणि आमच्याच घरी, एक थेंबही न सांडता, पाण्याने पोथी खाल्ली होती. त्याच दिवसांत माजघरात निजणारा आमचा पाच वर्षांचा नातू खोकल्याने रात्री वारंवार उठून बसू लागला.

आम्ही लागलीच उपाय आरंभिले. भिंतीस चुना दिला, फडताळात कापूर व वेखंड ठेविले, आणि बाहेरची दमट हवा नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आठ दिवसांत चुन्यातून डाग पुन्हा वर आले.

तेव्हा सूनबाई हळूच म्हणाल्या, “मामंजी, डाग पुसण्याआधी पाणी कोठून येते ते पाहावयास नको का?”

आम्ही निरुत्तर झालो. निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणे, हेच चिकित्सेचे सार असे सुश्रुताने सांगितले आहे. ते आम्हांस मुखोद्गत होते. पण आचरणात आले ते सूनबाईंच्या.

फडताळ ओढून पाहिले, मग घरास बाहेरून प्रदक्षिणा घातली. पत्र्याची पन्हळ फुटून पाणी भिंतीच्या पायाशी पडत होते. येथील काळी माती पाणी पिते आणि लवकर सोडीत नाही. तेच पाणी आमची जुनी जाड भिंत वर ओढून घेत होती. शिवाय एवढ्या मोठ्या कुटुंबाची ओली धोतरे-लुगडी माजघरातच दोरीवर वाळत, आणि खिडक्या आम्हीच बंद केलेल्या!

बुरशीची सूक्ष्म बीजे हवेत सर्वत्र असतात, व भिंतीवरची धूळही त्यांस अन्नास पुरते. उणीव असते ती ओलीची. घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा 60 च्या आत राहिली, तर त्यांचे फारसे चालत नाही. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला व दमा अधिक आढळतो, म्हणून मुळात ओलच हटवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली सांगितले आहे. मेलेली बुरशीही श्वासास बाधते; तेव्हा नुसती ती मारूनही भागत नाही.

मग पन्हळ दुरुस्त केली. पायाशी चर खणून पाणी दूर नेले. मुलांस बाहेर पाठवून, नाकावर घट्ट मुखपट्टी बांधून, डाग साबणाच्या पाण्याने धुतले. कोरडे खरवडले असते तर बीजे घरभर उडाली असती. फुगलेला गिलावा काढला व भिंत पुरी वाळल्यावरच नवा दिला. फडताळ भिंतीपासून वीतभर पुढे आले, कपडे पडवीत गेले, आणि पाऊस उघडला की समोरासमोरच्या खिडक्या उघडण्याचा नेम झाला. नातवास डॉक्टरांचे औषध चालूच होते. पण माजघर कोरडे झाल्यावर तो रात्रभर निजू लागला.

पोथी सावलीत, वाऱ्यावर वाळविली. बहुतेक पाने वाचली. मात्र जेथे वडिलांनी आपले नाव व तिथी लिहिली होती, ते अखेरचे पान गेले ते गेलेच.

आता मृगाची पहिली सर पडली की आम्ही काठी घेऊन घराभोवती फिरतो व पन्हळ पाहून येतो. वाचकांनीही, चुन्याचा डबा आणण्यापूर्वी, एवढी एक प्रदक्षिणा अवश्य घालावी.